पुढच्या खांबापर्यंत

सामानाचा टेम्पो हैदराबादेत मलकपेठच्या त्या घरासमोर थांबला तेव्हा घरमालक फाटकात उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, पाहिलं ते सामानाकडे.

"ही काळी बॅग एकवीस किलो. निळी सतरा. पुस्तकांचं खोकं चौतीसच्या आसपास, ते एकट्याने उचलू नको."

म्हातारा गंमत करतोय असं मला वाटलं. संध्याकाळी खोली लावताना वजनकाटा हाताशी आला म्हणून निळी बॅग त्यावर ठेवली. आकडा साडेसोळा आणि साडेसतराच्या मध्ये घुटमळला आणि सतरावर थांबला. मी खाली गेलो, त्यांना तसं सांगितलं आणि हसत विचारलं, "आणि मी किती, काका?"

ते कुंड्यांना पाणी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "तू भाडेकरू."

छत्तीस वर्षं त्यांनी सिकंदराबाद स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढली होती. गल्लीत त्यांना 'पार्सलसाब' म्हणत. अंगाने इतके बारीक की सदरा खुंटीवरच अडकवलेला वाटावा. खिशात सदैव खडूचा तुकडा. गल्लीतलं कुणी दुबईला किंवा जेद्दाला निघालं की विमानतळावर जाण्याआधी बॅगा काकांच्या ओसरीवर यायच्या. काका एका हाताने बॅग जमिनीपासून वीतभर उचलत, क्षणभर तशीच धरत आणि म्हणत, "यातून लोणच्याची एक बरणी काढा." बरणी निघायची. विमानतळावर मग कुणाचं काही अडायचं नाही. बकरी ईदच्या आधी शेजारचे लोक त्यांना बकरा बघायला घेऊन जात. विकणारे त्यांना लांबून ओळखायचे आणि तोंड फिरवायचे.

माणसाचं वजन मात्र ते कधी सांगत नसत. एकदा समोरच्या घरातल्या बाईंनी आपलं पंधरा दिवसांचं बाळ त्यांच्या हातात दिलं. "बोलो ना चचा, कितना है?" काकांनी बाळ दोन्ही हातांत सांभाळून धरलं, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि परत दिलं. म्हणाले, "ये तो बढ़ रहा है अम्मा. आज का बोला तो कल झूठ हो जाता."

मी नांदेडचा. आईच्या ओळखीतून हे घर मिळालं होतं. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारतीत. वय एकतीस आणि वजन एकशे बारा. माझे वडील त्रेपन्नाव्या वर्षी साखरेने गेले. जाण्याआधी त्यांच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली होती, आणि ड्रेसिंग करताना आई मला खोलीबाहेर पाठवायची. हैदराबादला आल्यावर ऑफिसच्या तपासणीत डॉक्टरांनी माझा कागद बघून एकच शब्द उच्चारला, "काठावर." तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. दर सोमवारी मी नवं काहीतरी सुरू करू लागलो. कधी डब्यातली पावडर, कधी नुसती उकडलेली कोबी, कधी दिवसातून एकदाच जेवण. दिवसातून तीनदा काट्यावर चढायचो. शुक्रवारपर्यंत दोन किलो उतरलेले असायचे आणि पुढच्या शुक्रवारी तीन चढलेले.

त्यातला एक प्रयोग फक्त रसाचा होता. अकरा दिवस मी भाज्यांचे आणि फळांचे रस पिऊन काढले. अकराव्या दिवशी पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन जिना चढताना डोळ्यांसमोर पांढरं झालं. कॅन गडगडत खाली गेला आणि त्याच्यामागून मी.

शुद्धीवर आलो तेव्हा काकांच्या ओसरीवर आडवा होतो. काकू उशाशी बसून माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या.

"काय खाल्लं आज?" काकांनी विचारलं.

"ज्यूस."

"काल?"

"ज्यूस."

"बीमार आहेस?"

"नाही."

"मग बीमाराचं जेवण कायकू?"

काकूंनी दहीभात कालवून आणला, बाजूला अंबाडीची आंबट भाजी. मी तो ताटलीभर भात किती वेळात संपवला ते मला आठवत नाही. काका समोरच्या खुर्चीत बसून राहिले. माझं खाणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवसांत किती उतरलं?"

"अकरा दिवसांत सहा किलो." माझ्या आवाजात थोडा अभिमान होता, खरं सांगायचं तर.

त्यांचा चेहरा एखादी वाईट बातमी ऐकल्यासारखा झाला.

"आमच्याकडे रस्त्यात माल हलका व्हायचा," ते म्हणाले. "त्याला आम्ही घट म्हणायचो. ती दोन तऱ्हेची. मिरची, कांदा, विड्याची पानं, हे वाटेत सुकतात. थोडं थोडं, सगळीकडून सारखं. तेवढी घट आम्ही मान्य करायचो. दुसरी म्हणजे टोपली चढताना चाळीस किलो आणि उतरताना तीस. ती सुकलेली नसते बेटा, तिच्यात कुणीतरी हात घातलेला असतो. आणि एकदा चोरी झाली की माल पाठवणारा काय करतो ठाऊक आहे? पुढच्या खेपेला जास्त भरून पाठवतो."

माझं अंग दर खेपेला तेच करत होतं.

"मी डॉक्टर नव्हे," ते उठत म्हणाले. "उद्या डॉक्टरला विचार. पण तो काटा मला आणून दे. सहा महिन्यांनी देतो परत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रस बंद करायला लावले आणि बराच वेळ समजावून सांगितलं. शब्द वेगळे होते, अर्थ काकांचाच. परत येऊन मी काटा खाली नेऊन दिला. काकांनी तो जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळला, गुंडाळीवर खडूने माझं नाव लिहिलं आणि कपाटात ठेवला.

त्यांच्या ज्या गोष्टीला सगळी गल्ली हसायची, तिच्याबद्दल आता सांगतो. रोज पहाटे साडेपाचला ते आणि काकू घराबाहेर पडत आणि रेसकोर्सच्या दिशेने चालू लागत. काकू पुढे, सावकाश, एका हाताने पदर आवळून. काका मागे, आणि त्यांच्या खांद्यावर चांगलं जाडजूड लाकडी स्टूल. विजेच्या खांबापाशी पोचले की काका स्टूल खाली ठेवत, काकू बसत. दोन मिनिटांनी काका स्टूल पुन्हा खांद्यावर घेत. कोपऱ्यावर शहाळी विकणारी एक तेलुगू म्हातारी होती. काकूंना बघून ती रोज म्हणायची, "मेल्लगा अम्मा, मेल्लगा." सावकाश, बाई, सावकाश. काकांना बघून ती तोंडाला पदर लावायची.

मला वाटायचं, एवढा अशक्त माणूस, निदान प्लास्टिकचं स्टूल तरी घ्यावं. ते का घेतलं नव्हतं हे मला पुष्कळ नंतर काकूंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता.

नऊ वर्षांपूर्वी एका नात्यातल्या लग्नात काकू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि खुर्चीचा पाय मोडला. त्या पडल्या. लागलं फारसं नाही, पण मांडवातली पोरं हसली, आणि पोरांना दटावणारे मोठेही तोंड फिरवून हसले. त्यानंतर काकू कुठेच गेल्या नाहीत. ना लग्नाला, ना बारशाला, ना देवळात. गुडघे आधीच दुखत होते, आता कारण मिळालं. घरात बसून ते आणखी बिघडले. शेवटी गुडघे बदलायचं ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग बघू.

"मी म्हणाले, मला जमायचं नाही. रस्त्यात दम लागला तर बसू कुठे?" काकू म्हणाल्या. "तर ह्यांनी सुताराकडून हे स्टूल करून आणलं. सागवानाचं. आणि त्याच्यावर तांदळाची दोन पोती ठेवली. दोन दिवस. येता-जाता वाकून बघायचे, कुठे तडा जातोय का. तिसऱ्या दिवशी पोती उतरवली आणि मला म्हणाले, आता चल."

त्या भाजी निवडत राहिल्या. मीही एक जुडी पुढे ओढली.

पहाटेच्या त्या फेरीत मी सामील झालो तेव्हा काकू माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. त्यांना कुणी बघायला नको असायचं. काकांनी मात्र मला पहिल्याच दिवशी चौथ्या खांबाशी अडवलं. मला जोर चढला होता, रेसकोर्सला पूर्ण वळसा घालून येतो म्हणालो.

"तुझं तिकीट इथपर्यंतच," काका म्हणाले आणि खांबावर खडूने एक रेघ ओढली. "रविवारी पुढचा खांब."

"काका, एवढ्याने काय होणार?"

"एवढी जल्दी कायकू? तुला कुठली गाडी पकडायची आहे?"

दर रविवारी एक खांब. काकूंची रेघ वेगळी, माझी वेगळी. काकूंना एखाद्या आठवड्यात नाही जमलं तर रेघ तिथेच राही, मागे कधी येत नसे. कडाक्याच्या उन्हाळ्यात आम्ही पाचला निघायचो. ज्या दिवशी काकूंचे गुडघे सुजायचे त्या दिवशी त्या ओसरीवर बसून मला सोडायला येणाऱ्यासारखा हात करायच्या. हळूहळू त्या बोलायला लागल्या, आणि एकदा बोलायला लागल्यावर दोन खांबांच्या मध्ये त्यांचं अख्खं उदगीरचं माहेर माझ्या ओळखीचं झालं.

खाण्याच्या बाबतीत काकांनी मला काही बंद करायला सांगितलं नाही. "बिर्याणी नक्को असं कधी म्हणू नको," ते म्हणायचे, "हैदराबादेत राहून असं बोललास तर लोक घर देणार नाहीत. ताट बदल." आणि त्यांनी मला खरोखरच एक लहान स्टीलची ताटली दिली. जेवायचं तर बसून, फोन दुसऱ्या खोलीत. पहिलं वाढलेलं संपलं की पाणी पिऊन थोडं थांबायचं, मग लागलं तर घ्यायचं. रात्री मोबाइलवरून जेवण मागवायची माझी सवय होती. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण डिलिव्हरीवाला आला की ओसरीवरून विचारायचे, "काय आलं रे?" पुढे मला ते उत्तर द्यायचा कंटाळा येऊ लागला आणि मागवणं कमी झालं.

एका आठवड्यात ऑफिसात लागोपाठ तीन पार्ट्या झाल्या. तिन्ही दिवस मी पोट फुटेस्तोवर खाल्लं. चौथ्या दिवशी सकाळी काकांना म्हणालो, आज उपास करतो, भरपाई म्हणून. ते म्हणाले, "काल गाडी लेट झाली म्हणून आजची रद्द करतात काय? आजची आजच्या वेळेला सोड." मी नेहमीसारखा नाश्ता केला. मला वाटतं, त्यांच्याकडून मी काही शिकलो असेन तर ते एवढंच. माझे सगळे सोमवार त्या दिवशी संपले.

काकूंना चहाबरोबर उस्मानिया बिस्किटं लागायची, चार. काकांनी त्यांना बिस्किटं सोडायला सांगितली नाहीत. एक महिना तीन, मग दोन. भाताची वाटी मोठीची मधली झाली, मधलीची लहान. आणि या सगळ्यात काका त्यांच्याबरोबर होते. काकूंनी दोन बिस्किटं घेतली की यांची दोन, काकूंची लहान वाटी तर यांचीही लहान. मला ते बघून फार बरं वाटायचं. नवरा असावा तर असा, असं मी फोनवर आईलाही सांगितलं.

सहा महिने झाले. काकांनी कपाटातून गुंडाळी काढून दिली. मी काट्यावर चढलो. एकशे एक. अकरा दिवसांत सहा किलो उतरवणारा मी, सहा महिन्यांत अकरा उतरले म्हणून जरा हिरमुसलो. डॉक्टर मात्र कागद बघून खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "असंच चालू दे." काठावरून मी एक पाऊल मागे आलो होतो. काकांनी आकडा विचारला नाही. काकूंनी विचारला, आणि त्यांचेही नऊ उतरल्याचं दवाखान्यात कळलं तेव्हा त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीत शिरा वाटला. स्वतः दोन चमचे खाल्ला.

पुढच्याच रविवारी आम्ही अकराव्या खांबाशी होतो. काकांनी स्टूल खाली ठेवलं आणि काकू बसायच्या आत खांबाला टेकून उभे राहिले. हात वर करून त्यांनी कपाळ पुसलं, आणि मनगटावरचं घड्याळ घसरत घसरत थेट कोपरापाशी जाऊन थांबलं.

काकूंनी ते पाहिलं. त्या बसल्या नाहीत.

"घरी चला," त्या म्हणाल्या.

"का? अजून दोन खांब आहेत."

"चला म्हणते ना."

घरी आल्यावर त्यांनी मला वरून काटा आणायला सांगितला. मी आणला. ओसरीवर ठेवला.

"अहो, चढा."

"मी कायकू? मला काय झालंय?"

"चढा."

काका चढले. इतक्या दिवसांत मी त्यांना कुणाचं ऐकताना पहिल्यांदाच पाहत होतो. काकूंचा चष्मा आत होता, त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी वाकलो. आकडा पाहून मला तो मोठ्याने म्हणवेना.

"बोल रे."

"सेहेचाळीस."

काकू भिंतीला टेकल्या. "रिटायर झाले तेव्हा छप्पन्न होते," त्या मला म्हणाल्या, जणू मी साक्षीदार होतो. मग त्यांच्याकडे वळल्या. "मी वाळतेय ते ठीक, मला डॉक्टरांनी सांगितलंय. तुमच्यात कुणी हात घातला?"

काका काट्यावरून उतरले.

"तू एकटी लहान वाटीत जेवतेस," ते म्हणाले, "मला मोठीतून गिळवत नाही."

"म्हणून मरायचं?"

"मरतोय कुठे?"

"मी बारीक होऊन चालायला लागणार, आणि चालायचं कुणाबरोबर? ह्या पोराबरोबर?"

मी काटा उचलून वर न्यायच्या विचारात होतो, पण हललो नाही. काकू आत गेल्या. मोठी वाटी घेऊन आल्या, तिच्यात कालची खिचडी, वर चमचाभर तूप. काकांच्या हातात दिली. स्वतः समोर बसल्या, हात मांडीवर ठेवून.

"खा. मी बघते. मला काही होत नाही."

काकांनी खाल्लं. इतकी वर्षं वजनं उचललेला तो माणूस, पण प्रत्येक घासाला थांबत होता. नंतर त्यांना दवाखान्यात नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या, दुसरं काही निघालं नाही. डॉक्टरांनी त्यांनाही खाण्याचा एक कागद लिहून दिला. काकूंनी तो स्वयंपाकघरात लावला. एकाच घरात एकाने वजन वाढवायचं आणि दुसऱ्याने कमी करायचं, असे दोन कागद शेजारी शेजारी. काका मला एकदा हळूच म्हणाले, "तिच्यासमोर तूप खायचं म्हणजे बेटा, हे सगळ्यात जड काम आहे." पण त्यांनी ते केलं. आणि काकूंनीही दाखवून दिलं की त्यांना सोबतीची गरज होती ती रस्त्यावर, ताटात नव्हे. स्टूल मी न्यायला लागलो. मलाही आता ते जमत होतं.

त्या घरात मी तीन वर्षं राहिलो. आता पुण्यात असतो. वजन अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, कधी दोन वर, कधी दोन खाली. काटा घरात आहे, महिन्यातून एकदा चढतो. मुलगी विचारते, बाबा तुम्ही जेवताना मध्ये का थांबता. मी तिला सांगतो, सवय आहे.

मी तिथे असतानाच काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. आधी एक, काही महिन्यांनी दुसरं. व्यायाम करताना त्या रडायच्या, पण चुकवायच्या नाहीत. आणि त्यानंतरच्या जानेवारीत एका दुपारी त्यांनी जाहीर केलं, "मला नुमाइशला जायचंय."

नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी भरणारं ते प्रदर्शन. काकू त्या लग्नापासून तिथे गेल्या नव्हत्या. आम्ही तिघं मेट्रोने गेलो. गर्दी म्हणजे नुसती रेटारेटी. काश्मिरी शाली, लखनौचे कुर्ते, लोणची, चिनीमातीच्या बरण्या, सगळीकडे दिवे आणि भोंगे. काकू प्रत्येक दुकानापाशी थांबत होत्या, वस्तू हातात घेत होत्या, ठेवत होत्या. काका थकले. "एक चहा घेऊ," ते म्हणाले. आम्ही दोघं चहाच्या गाड्याकडे वळलो, पेले हातात घेतले आणि मागे पाहिलं तर काकू नव्हत्या.

आधी आम्ही शांतपणे शोधलं. मग घाईने शोधलं. त्यांचा फोन काकांच्याच पिशवीत वाजत होता. पाऊण तासाने काकांचा चेहरा पांढरा पडला तेव्हा मी त्यांना हरवलेल्यांची नावं पुकारतात त्या खोलीपाशी नेलं. खिडकीत एक गडी वही घेऊन बसला होता.

"उमर?"

"अड़सठ."

"साड़ी?"

"बैंगनी."

"मोटे हैं क्या दुबले?"

मी काकांकडे पाहिलं. ओठ हलत होते.

"लोकां कैसा पहचानना चचा? कुछ तो निशानी बोलो."

"चलते हैं," काका म्हणाले. "अच्छे से चलते हैं."

तो गडी हसला. "चलते तो सब हैं."

"सब नै चलते मियाँ," काका म्हणाले.

तो हसायचा थांबला. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि माईक ओढला. काकूंचं नाव मैदानभर घुमलं, मलकपेठ, बैंगनी साडी, शोहर ऑफिस के पास इंतजार कर रहे हैं. दोनदा, तीनदा. काका खिडकीचा गज धरून उभे होते.

दहा मिनिटांनी काकू आल्या. हातात दोन पिशव्या, कपाळावर घाम, आणि चेहरा रागाने लाल.

"सगळ्या मैदानात माझं नाव! कोण हरवलं?"

"तू," काका म्हणाले.

"मी कशी हरवेन? मी पुढे गेले होते. तुम्ही दोघं मागे राहिलात." त्यांनी एक पिशवी माझ्या हातात कोंबली. "चला, अजून तिकडच्या दोन ओळी बघायच्या आहेत."

आणि त्या निघाल्याही. काकांनी गज सोडला, डोळे पुसले, चष्मा लावला आणि गर्दीत ती जांभळी साडी शोधू लागले. ती बरीच लांब गेली होती.

"जरा हाक मार तिला," ते मला म्हणाले. "माझा आवाज तिथपर्यंत पोचायचा नाही."